मन ठीक नाही असं वाटतं तेव्हा: आधी नोंद, मग एकेक बदल

'हल्ली कशातच मन लागत नाही' असं वाटायला लागलं की माणसं साधारण दोन वाटांनी जातात. काही जण 'होईल ठीक आपोआप' म्हणत महिनोन्‌महिने रेटतात. काही जण एका सोमवारी ध्यान, व्यायाम, रोजनिशी, पहाटे उठणं असं सगळं एकदम सुरू करतात आणि गुरुवारपर्यंत सगळंच सोडून देतात. काय बिघडलंय आणि किती बिघडलंय हे दोघांनीही पाहिलेलं नसतं. या लेखातला क्रम म्हणून वेगळा आहे: आधी धोक्याची लक्षणं तपासायची, मग मोजायचं, दोन आठवडे नोंद ठेवायची आणि तिच्या आधारे एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

या गोष्टी असतील तर पुढचं नंतर वाचा

जगणं नकोसं वाटतंय, स्वतःला इजा करण्याचे विचार येताहेत आणि त्यात 'कसं' आणि 'कधी' हेही ठरू लागलंय, तर आजच मदत घ्या. तुमच्या भागातला आपत्कालीन क्रमांक, आत्महत्या प्रतिबंधक हेल्पलाइन किंवा जवळच्या रुग्णालयाचा तातडीचा विभाग, यांपैकी जे पटकन मिळेल ते. मदत मिळेपर्यंत एकटं राहू नका आणि ज्या वस्तूंनी इजा होऊ शकते त्या घरातून बाहेर, दुसऱ्या कुणाच्या ताब्यात द्या. हे वरवरचं वाटलं तरी फार उपयोगी आहे, कारण तीव्र उबळ बहुतेक वेळा थोडाच काळ टिकते आणि त्या वेळेत साधन हाताशी नसलं तर जीव वाचतो. घरच्यांसाठी एक सूचना: 'तुला मरावंसं वाटतंय का?' असं सरळ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट बोलायला वाट मिळते.

डॉक्टरांकडे ताबडतोब नेण्यासारखी आणखी काही लक्षणं आहेत. इतरांना न येणारे आवाज ऐकू येणं, कुणीतरी आपल्या वाईटावर आहे अशी ठाम खात्री बसणं. ओळीने काही दिवस तीन-चार तासच झोपूनही थकवा न जाणवणं, बोलण्याचा वेग वाढणं, वारेमाप खर्च आणि भव्य बेत. बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत आईला गोंधळल्यासारखं होणं किंवा भास होणं. शेवटचं लक्षण 'थकवा असेल' म्हणून सोडून दिलं जातं आणि तिथेच मोलाचे तास जातात. रोज भरपूर दारू घेणाऱ्याने ती एका दिवसात स्वतःहून बंद करू नये, कारण पुढच्या एक-दोन दिवसांत झटके येऊ शकतात. ती वैद्यकीय देखरेखीखालीच सोडायची.

मोजायचं कसं

मन मोजता येत नाही असं म्हणतात, पण गेल्या दोन आठवड्यांत कसं वाटलं याचा अंदाज देणाऱ्या साध्या प्रश्नावल्या आहेत आणि जगभर डॉक्टर त्या वापरतात. घरी सुरुवात करायला जागतिक आरोग्य संघटनेची डब्ल्यूएचओ-५ सर्वांत सोपी. तिच्यात पाच विधानं आहेत: मन आनंदी होतं, शांत आणि निवांत वाटलं, अंगात उत्साह होता, सकाळी उठल्यावर ताजंतवानं वाटलं, रोजच्या दिवसात रस वाटेल अशा गोष्टी होत्या. प्रत्येकाला ० (एकदाही नाही) ते ५ (सतत) असे गुण द्यायचे, बेरजेला ४ ने गुणायचं. १०० पैकी ५० किंवा कमी आले तर लक्ष द्यायला हवं. २८ किंवा कमी असतील तर नैराश्याची शक्यता बरीच आहे, स्वतःचे प्रयोग बाजूला ठेवून डॉक्टरांना भेटा. दोन मोजण्यांत १० गुणांचा फरक पडला तर तो खरा बदल मानतात. त्याहून कमी चढउताराने हुरळू नये आणि खचूही नये.

दुसरी पीएचक्यू-९. ती २००१ पासून वापरात आहे, नैराश्याच्या नऊ लक्षणांवर ० ते ३ गुण, एकूण २७. पाचपासून सौम्य, दहापासून मध्यम, पंधरापासून मध्यम-तीव्र, वीसपासून तीव्र. दहा किंवा जास्त गुण आले तर तज्ज्ञांची भेट ठरवा. तिचा नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. त्याला शून्याहून जास्त काहीही दिलं असेल, तर एकूण बेरीज कितीही कमी असो, ते कुणाला तरी सांगायचंच. चिंतेसाठी याच धर्तीवर जीएडी-७ आहे, एकूण २१ गुण, आणि तिथेही दहा किंवा जास्त गुण आले की तपासणी करून घ्यावी.

लोक चुकतात ते भरताना. सर्वांत वाईट रात्री भरली की आकडा फुगतो, रोज भरली की आकड्याचीच काळजी लागते. दर दोन आठवड्यांनी, एकाच वारी, साधारण एकाच वेळी भरा. शिवाय ही चाळणी आहे, निदान नव्हे. पीएचक्यू-९ च्या शेवटी, बेरजेत न धरला जाणारा एक प्रश्न असतो: या त्रासामुळे काम, घर, माणसांशी वागणं किती अवघड झालं? आमच्या मते सगळ्या प्रश्नावलीत तोच सर्वांत बोलका. आठ गुण असून कामावर जाणं थांबलेल्या माणसाची काळजी बारा गुण घेऊन दिवस निभावणाऱ्यापेक्षा आधी करायला हवी.

दुःख आणि आजार यांतली सीमा ठरवताना डॉक्टर काळ, व्याप्ती आणि कामावरचा परिणाम पाहतात. नैराश्याच्या निदानासाठी लक्षणं किमान दोन आठवडे, जवळजवळ रोज, दिवसाचा बराचसा वेळ असावी लागतात. नऊपैकी पाच लक्षणं हवीत, आणि त्यांत उदास मन किंवा कशातच रस न वाटणं यांपैकी एक हवंच. हे दुसरं महत्त्वाचं आहे, कारण अनेकांना रडू येत नाही, उदासही वाटत नाही, फक्त सगळं बेचव झालेलं असतं आणि म्हणून 'मला नैराश्य कसं असेल?' असं त्यांना वाटतं. जवळचं माणूस गेल्यावरचं दुःख बहुधा लाटांसारखं येतं-जातं आणि त्यात स्वतःबद्दलची किंमत शाबूत असते. 'मी निरुपयोगी आहे' हा सूर सतत लागला की तपासून घ्यावं.

शरीराकडे एकदा बघून घ्या

थायरॉइड मंदावलं तर सुस्ती, वजनवाढ, थंडी सहन न होणं आणि उदासी येते. तेच जास्त चाललं तर धडधड, घाम, हातांची थरथर होते आणि ते हुबेहूब चिंतेसारखं दिसतं. हिमोग्लोबिन किंवा बी-१२ जीवनसत्त्व कमी असलं, साखर वाढलेली असली तरी थकवा आणि मरगळ असते. म्हणून टीएसएच (थायरॉइडची तपासणी), रक्तगणना, बी-१२ आणि साखर या तपासण्यांबद्दल डॉक्टरांना विचारा. चालू असलेली सगळी औषधं दाखवा, कारण स्टेरॉइडसारखी काही औषधं मनःस्थिती बदलतात. मोठ्याने घोरणं, सकाळी डोकं दुखणं आणि दिवसा पेंग हे तिन्ही असेल तर झोपेत श्वास अडकत असण्याची शंका घ्यावी. तिथे कितीही ध्यान केलं तरी उपयोग होत नाही.

दोन आठवड्यांची नोंद

एक वही घ्या. प्रत्येक पानावर एक दिवस, प्रत्येक तासाला एक ओळ. ओळीत तीनच गोष्टी: काय करत होतो, मन कसं होतं (० ते १०), आणि त्या कामात आनंद मिळाला का किंवा काही पार पाडल्यासारखं वाटलं का. दर तासाला लिहायची गरज नाही, दुपारी, संध्याकाळी आणि झोपण्यापूर्वी अशी तीनदा भरली तरी चालते. सगळं रात्रीवर मात्र ढकलू नका. उदास मन मागे वळून पाहताना अख्खा दिवस काळा रंगवतं आणि दुपारचा बरा गेलेला अर्धा तास त्यात नाहीसा होतो.

पहिल्या आठवड्यात काहीही बदलायचं नाही, फक्त बघायचं. आठवडा झाला की सर्वांत वरचे पाच आणि सर्वांत खालचे पाच आकडे शोधा, त्यांच्याभोवती गोल करा आणि त्या वेळी कुठे होतात, कुणाबरोबर होतात, त्याआधीच्या रात्री किती झोपला होतात ते पाहा. पुष्कळदा असं दिसतं की 'आराम' म्हणून अंथरुणात फोन चाळलेल्या तासांना सर्वांत कमी गुण आहेत, आणि ज्याचा कंटाळा केला होता त्या कामानंतर आकडा एक-दोनने चढला आहे. ही नोंदच पुढे काय बदलायचं ते सांगते. दुसऱ्या आठवड्यात नोंद तशीच चालू ठेवून झोपेची बाजू आधी घ्या, कारण झोप मोडकी असेल तर बाकीचं काही धड टिकत नाही.

झोप

उठण्याची वेळ पक्की करा, सुट्टीच्या दिवशीही तीच. झोपायची वेळ पक्की करून काही साधत नाही, कारण झोप हुकमाने येत नाही, उठणं मात्र आपल्या हातात असतं. अंदाजे वीस मिनिटं झोप लागली नाही तर अंथरूण सोडा, मंद उजेडात काहीतरी कंटाळवाणं करा, डोळे जड झाले की परत या. घड्याळ भिंतीकडे वळवून ठेवा. जागं राहून कूस बदलत पडून राहिल्याने अंथरूण आणि जागरण यांची जोडी मेंदूत पक्की होते आणि ती तोडण्याचा हाच मार्ग आहे. कॅफिनचं शरीरातलं प्रमाण निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात, म्हणजे संध्याकाळी पाचच्या कपातलं अर्धं कॅफिन रात्री दहालाही शिल्लक असतं. दारूने झोप लवकर लागते खरी, पण उत्तररात्री ती तुकड्या-तुकड्यांची होते.

एवढ्याने भागलं नाही तर हिशेब करा. आठ तास अंथरुणात आणि झोप साडेपाच तास, म्हणजे झोपेची कार्यक्षमता (अंथरुणातल्या वेळेपैकी प्रत्यक्ष झोपेचा वाटा) सुमारे ६९ टक्के. मग अंथरुणातला वेळच साडेपाच-सहा तासांवर आणायचा, उठण्याची वेळ तीच ठेवून झोपायला उशिरा जायचं. आठवडाभर कार्यक्षमता ८५ टक्क्यांच्या वर राहिली की पंधरा मिनिटं वाढवायची. पाच तासांच्या खाली कधीही जायचं नाही. पहिला आठवडा त्रासाचा जातो, दिवसा पेंग येते, बरेच जण तिथेच सोडतात. बायपोलर आजार (ज्यात खोल उदासी आणि अति उत्साह असे दोन्ही काळ येतात) किंवा फिट्सचा त्रास असलेल्यांनी, तसंच वाहन किंवा यंत्र चालवण्याचं काम असलेल्यांनी हा प्रकार तज्ज्ञांशिवाय करू नये.

मूड येण्याची वाट न बघता केलेलं काम

उदासीत माणूस कामं टाळतो. टाळल्याने आनंदाच्या आणि 'जमलं' वाटण्याच्या जागा कमी होतात, त्यामुळे मन आणखी उतरतं आणि अजून टाळलं जातं. पीटर लुइन्सन या मानसशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात नैराश्याकडे असं पाहिलं, आणि १९९६ मध्ये नील जेकबसन आणि सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात केवळ कृती वाढवण्याचा भाग हा विचारांवर काम करणाऱ्या संपूर्ण उपचाराइतकाच उपयोगी ठरला. करायचं असं:

१. दहा-पंधरा कृतींची यादी करा. काही आनंदाच्या, काही पार पाडल्याचं समाधान देणाऱ्या, काही माणसांशी जोडणाऱ्या. तिन्ही प्रकार हवेत.

२. प्रत्येकीपुढे आज ती किती अवघड वाटते ते ० ते १० मध्ये लिहा. सुरुवात २-३ वाल्यांपासून.

३. आठवड्यासाठी फक्त दोन निवडा आणि त्या अर्ध्या करा. वीस मिनिटं चालायचं ठरवलं असेल तर दहा. खोली आवरायची असेल तर फक्त टेबल.

४. 'कधी, कुठे, कशानंतर' हे लिहा. 'उद्यापासून चालणार' हे होत नाही. 'सकाळी दात घासून झाले की बूट घालून गल्लीच्या टोकापर्यंत' हे होतं.

५. करण्यापूर्वी किती बरं वाटेल याचा अंदाज लिहा, केल्यावर खरा आकडा लिहा.

पाचवी पायरी लोक गाळतात आणि नेमकी तीच कामाची आहे. उदास मनाचा अंदाज बहुतेक वेळा प्रत्यक्षापेक्षा खालचा असतो. आठ-दहा वेळा 'अंदाज १, प्रत्यक्षात ३' असं स्वतःच्या अक्षरात दिसलं की 'काही उपयोग नाही' या वाक्याचं वजन कमी होतं.

बिघडतं कुठे? पहिलं, यादीत फक्त कर्तव्यं भरली जातात: बिलं, कपडे, राहिलेले फोन. मग आठवड्याअखेर माणूस थकतो, बरा होत नाही. दुसरं, आनंदाची तुलना जुन्या दिवसांशी होते. पूर्वी गाणं ऐकून ८ वाटायचं, आता ३ वाटतं म्हणून ते सोडलं जातं, पण तुलना करायची ती त्याच दिवशीच्या पडून राहण्याच्या तासाशी. तिसरं जरा फसवं आहे: टाळाटाळ कामाचं सोंग घेते. अवघड फोन करायचा असतो त्या दिवशी कपाटं लख्ख होतात. नोंदवहीत अशी वेळ शोधा आणि तो फोन अवघडपणाच्या यादीत वेगळा लिहून त्याचे तुकडे पाडा: नंबर काढणं, पहिलं वाक्य कागदावर लिहिणं, फोन करणं.

व्यायाम याच यादीत बसतो. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. पण उदास माणसाला पहिल्याच दिवशी हा आकडा दाखवू नये, दहा मिनिटांपासून सुरू करावं.

चिंता आणि फिरून येणारे विचार

विचार करणं आणि तेच तेच उगाळणं यांत फरक ओळखायची एक कसोटी: दहा मिनिटांत एखादी पुढची पायरी हाती लागली का? नसेल तर ते उगाळणं आहे, उठा आणि हातांना काम द्या.

चिंतेला ठरावीक वेळ द्यायची पद्धत थॉमस बोर्कोवेक आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये मांडली. रोज एकच जागा, एकच वेळ (समजा संध्याकाळी सहा), अर्धा तास, झोपेच्या अगदी आधी नको. दिवसभरात काळजी वर आली की एका ओळीत लिहून ठेवायची आणि 'सहा वाजता बघू' म्हणून हातातल्या कामाकडे परतायचं. सहा वाजता यादी घ्या, दोन ढीग करा. ज्यावर काही करता येईल तिथे पुढची एक पायरी आणि तारीख लिहा. बाकीच्या 'असं झालं तर' प्रकारच्या काळज्यांपुढे काहीच लिहायचं नाही. यातल्या बऱ्याच संध्याकाळपर्यंत बिनमहत्त्वाच्या वाटू लागतात. ठरलेली वेळ मात्र पाळायलाच हवी, नाहीतर मनाला ती थाप वाटते आणि पुढे ढकललेली काळजी लगेच परत येते.

अचानक छाती धडधडून, श्वास कोंडून मरणाची भीती वाटण्याचे झटके साधारण दहा मिनिटांत शिखर गाठतात आणि ओसरतात. पहिल्यांदा असं झालं तर हृदय तपासून घ्या. ते ठीक निघालं तर पुढच्या वेळी चार मोजेपर्यंत श्वास आत, सहा मोजेपर्यंत बाहेर, पाच मिनिटं. बोटांना येणाऱ्या मुंग्या भरभर श्वासामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटल्याने येतात, त्यांनी इजा होत नाही. झटका आला ती जागा टाळायला लागू नका. आज बस, उद्या दुकान, परवा घराचा उंबरा, असा परीघ आखडत जातो.

तज्ज्ञांकडे जाताना

मनोविकारतज्ज्ञ हे डॉक्टर असतात, औषध देऊ शकतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक बोलून उपचार करतात. सौम्य त्रासात बोलण्याने सुरुवात करता येते, मध्यम-तीव्र असेल तर दोन्ही सोबत चांगलं. जाताना एक कागद न्या: त्रास कधीपासून, झोप, भूक आणि वजन, पीएचक्यू-९ चे आकडे, चालू औषधं, दारू-तंबाखूचं खरं प्रमाण, कुटुंबात कुणाला असा आजार होता का, आणि आयुष्यात कधी 'अति उत्साहाचा, कमी झोपेचा' काळ येऊन गेला का. शेवटचं विसरू नका. बायपोलर आजारात नुसतं नैराश्याचं औषध दिलं तर मन दुसऱ्या टोकाला जाऊ शकतं.

वर्तन आणि विचारांवर काम करणारी उपचारपद्धती साधारण आठवड्याला एक अशी १२ ते २० सत्रं चालते. पाच-सहा सत्रांनंतरही आपण कशावर काम करतोय हे सांगता येत नसेल तर थेरपिस्टना स्पष्ट विचारा. त्यात अपमान काही नाही.

सर्ट्रालिन, एस्सिटालोप्राम, फ्लुऑक्सेटिन अशा नैराश्यावरच्या औषधांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, नीट अंदाज सहा आठवड्यांनी येतो. मळमळ, डोकेदुखी, अस्वस्थता मात्र पहिल्या आठवड्यातच सुरू होते. म्हणजे त्रास आधी, गुण नंतर, आणि पुष्कळ जण औषध सोडतात ते याच फटीत. लैंगिक इच्छेवर परिणाम झाला तर लाजून गप्प बसू नका, मात्रा किंवा औषध बदलता येतं. पंचविशीच्या आतल्या रुग्णांमध्ये सुरुवातीला आत्महत्येचे विचार वाढू शकतात, म्हणून पहिले काही आठवडे घरच्यांनी लक्ष ठेवावं. या औषधांची दारूसारखी तलफ लागत नाही, पण एकदम थांबवली तर चक्कर, चिडचिड, विजेचा झटका बसल्यासारखं वाटणं असे प्रकार होतात. झोपेच्या आणि चिंतेच्या काही गोळ्यांची, उदाहरणार्थ अल्प्राझोलाम, सवय मात्र खरोखर लागते. त्या काही आठवड्यांपुरत्याच असाव्यात.

पूर्ण बरं वाटल्यावरही औषध किमान सहा महिने चालू ठेवायचं आणि मग डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करायचं. नैराश्य परतू शकतं, म्हणून औषध बंद करण्यापूर्वी एक कागद तयार ठेवा. मागच्या वेळी सर्वांत आधी काय बिघडलं होतं अशी तीन लक्षणं त्यावर लिहा (फोन उचलणं बंद होणं, पहाटे तीनला जाग येणं, आंघोळ टाळणं, जे तुमचं असेल ते). दर महिन्याच्या एका ठरलेल्या तारखेला डब्ल्यूएचओ-५ चा आकडा त्याच कागदावर टाका. तीनपैकी दोन लक्षणं आठवडाभर राहिली किंवा आकडा ५० च्या खाली आला तर कुणाला फोन करायचा, ते नाव आणि नंबर आधीच लिहून ठेवा. त्या कागदाची एक प्रत घरातल्या अशा माणसाकडे द्या, ज्याला हे बदल तुमच्याआधी दिसतात.